अल्फेचं दर्यावर टिकणारं व्हेप

तर दोरी ओढत आम्ही सापळा वर घेतला, आणि त्यात शेवंड नव्हतीच. होतं ते अल्फेचं नवं कोरं व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, आणि एक खेकडा त्याला असा मिठी मारून बसला होता की जणू त्याच्या आजोबांची ठेव. काल इथवर आलो आणि तुम्ही जेवायला उठलात, त्यामुळे बिचारा खेकडा रात्रभर तसाच लटकत राहिला. आधी त्याला सोडवू.

अल्फेने त्याला पाठीमागून धरून पाण्यात टाकला. मग व्हेप कानाशी नेऊन हलवलं, तर आत पाणी खळखळलं. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. शेवटी तोंडाला लावून जोरात ओढलं, तेव्हा घोटभर खारं पाणी थेट पोटात गेलं. तो खोकला, थुंकला, मिशा पुसल्या आणि न्यायाधीशासारखा मला म्हणाला, "लेआंदर, हे कच्चं आहे."

तुम्ही हसताय, पण आमच्या धक्क्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाने हेच केलं असतं. लाकडी सापळा नवा असला की तो आधी भिजवावा लागतो. कोरं लाकूड पाण्यावर तरंगतं, आणि त्याला करवतीचा वास येतो तोवर शेवंड त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून हंगामाआधी सापळे पाण्यात मुरवायचे, जडावले की मग कामाचे. अल्फेचा बाप देल्फिस नवे हातमोजेसुद्धा तीन दिवस खाऱ्या पाण्यात घालून ठेवायचा. आता तरुण पोरं तारेचे सापळे घेतात, त्यांना मुरवणं बिरवणं काही लागत नाही. पण अल्फे अजून हिवाळाभर शेडमध्ये बसून स्वतःच्या हाताने लाकडी सापळे ठोकतो. त्याच्या डोक्यात एकच नियम: जे दर्यावर न्यायचं, ते आधी धक्क्यावर भिजवायचं. व्हेपच्या खोक्यावर 'पाण्यात टिकणारं' असं छापलेलं होतं. मग बघू या टिकतं का, म्हणून त्याने ते एका मोडक्या सापळ्यात बांधलं आणि धक्क्यावरून चार वाव, म्हणजे चोवीस फूट, खाली सोडून दिलं. सापळ्याचं दार आणि जाळी मात्र आधी काढून टाकली होती, नाहीतर हंगामाआधी सापळा टाकला म्हणून मत्स्यखात्याच्या माणसाने सापळ्यासकट त्यालाच ओढून नेलं असतं.

हा अल्फे म्हणजे अल्फे म्यूज. पण आमच्या किनाऱ्यावर दगड उचलावा तर खाली म्यूज, त्यामुळे त्याला कोणी आडनावाने ओळखत नाही. तो अल्फे देल्फिसचा. आणि देल्फिसही तीन होते, म्हणून अल्फे देल्फिस सिमोनचा. वय बासष्ट. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तरी सत्तावीस हिवाळे मी त्याच्या बोटीवर खलाशी होतो आणि तो माझा तांडेल. चौदाव्या वर्षी तो बापाच्या बोटीवर चढला, त्याच आठवड्यात सिगारेट तोंडात आली, आणि पुढची अठ्ठेचाळीस वर्षं ती खाली पडली ती फक्त जेवायला आणि प्रार्थनेला. दोन्ही लवकर आटपायचा.

वस्तू निवडायच्या म्हटलं की हा माणूस भल्याभल्यांना रडवतो. गमबूट घ्यायला गेला की दुकानात अर्धा तास उकिडवा बसून राहतो, कारण बोटीवर माणूस उभा कमी आणि वाकलेला जास्त असतो. बोटीचं इंजिन घेताना तर त्याने विक्रेत्याला सांगितलं, आधी याचा पाण्याचा पंप मला माझ्या हाताने काढून परत बसवू द्या. तो गृहस्थ टायबिय लावून आला होता. पाऊण तास दिवा धरून उभा राहिला. पंप नीट बसला तेव्हा अल्फे 'हो' म्हणाला. ते इंजिन एकोणीस वर्षं चाललं.

मग असल्या माणसाला एक व्हेप निवडायला इतका त्रास का, तर त्याच्यामागे ओडील होती.

ओडील त्याची बायको. बोटीला नावही तिचंच, 'ओडील एम.' या बाईने आपला बाप आणि थोरला भाऊ दोघांना छातीच्या आजाराने जाताना पाहिलं होतं, दोघंही ओढणारे. अल्फे पहाटे खोकायला लागला की ती उठून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. गेल्या सप्टेंबरात रविवारी सगळे जेवायला जमलो होतो. किसलेल्या बटाट्याचं आणि कोंबडीचं भलं थोरलं तबक भट्टीतून निघालं, तिने सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः न बसता म्हणाली की अल्फेने आजवर तीनदा सिगारेट सोडली आणि तिन्ही वेळा बोटीवर जाऊन पुन्हा धरली. तेव्हा दोष बोटीचा असणार. आता चौथी आणि शेवटची वेळ. या हंगामात एक जरी सिगारेट ओढलीस, तर मे महिन्यात बोट आणि परवाना भाच्याच्या नावावर करायचा आणि तू माझ्यासोबत घरी बसून बटाटे किसायचे.

भाचा म्हणजे रेआल, अल्फेच्या बहिणीचा मुलगा, बोटीवरचा खलाशी. तो समोरच बसला होता. त्याने ताटातून मान वर केली नाही, पण त्याचे कान मात्र लाल झाले. अल्फेने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि कबूल म्हणाला. आमच्यात दहा माणसांसमोर जेवणाच्या टेबलावर दिलेला शब्द म्हणजे वकिलाच्या कागदाहून पक्का.

आधीचे तीन प्रयत्न कसे बुडाले तेही ऐका. पहिलं व्हेप पेनासारखं बारीक होतं. छातीच्या खिशात ठेवलं, कठड्यावरून वाकला, आणि गेलं सरळ पाण्यात. दुसरं एकदाच वापरून टाकायचं. ते भर दर्यात संपलं, ना भरता येईना ना चार्ज करता येईना. तिसऱ्याला चकचकीत पडदा होता, त्यावर आकडे नाचायचे, आणि खिशात धक्का लागला की त्याला आपोआप कुलूप बसायचं. ते उघडायला बटण पाच वेळा झटपट दाबायचं. जाड रबरी हातमोज्याने अल्फे कधी तीनदा दाबायचा, कधी सातदा. तिन्ही गोष्टी घडल्या एकाच दिवशी, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या त्याच दिवशी: हंगामाचा पहिला दिवस, नोव्हेंबरातला शेवटचा सोमवार, जेव्हा सगळ्या बंदरांतून सगळ्या बोटी सापळ्यांचे डोंगर लादून एकदम निघतात. सापळ्यांची पहिली माळ पाण्यात गेली की तांडेलाने सिगारेट पेटवायची, ही देल्फिसपासूनची रीत. तिन्ही वेळा अल्फेचा हात खिशात गेला, खिशातलं व्हेप मेलेलं किंवा बुडालेलं, आणि रेआलचं पाकीट शेजारीच होतं.

म्हणून या खेपेला तो मला सोबत घेऊन यारमथ शहरातल्या व्हेपच्या दुकानात गेला होता, आणि ज्याचं खेकड्याशी लग्न लागलं ते व्हेप तिथूनच आणलं होतं. आता ते घेऊन आम्ही परत निघालो.

दुकानात टेसा नावाची मुलगी बसते. तिशीची असेल, केस हिरवे, जीभ तिखट. तिचा आजा शेलबर्नकडचा मासेमार, मी त्याला ओळखायचो. अल्फेने ते व्हेप तिच्या काचेवर ठेवलं, त्यातून एक शेवाळाचा धागा बाहेर आला आणि काचेवर पसरला.

"काका, हे कुठे ठेवलं होतंत?"

"चार वाव पाण्यात."

"किती वेळ?"

"दोन भरत्या."

तिने तसलाच दुसरा खोका फिरवून बारीक अक्षरं दाखवली: पाऊस आणि शिंतोडे. समुद्राचा उल्लेख नव्हता. अल्फे म्हणाला की आमच्याकडे पाऊस आडवा येतो आणि शिंतोडा म्हणजे बादलीभर असतो, तेव्हा फरक फारसा नाही. त्याला असं व्हेप हवं होतं जे कधीच बिघडणार नाही. सकाळी चार ते संध्याकाळी सहा, थंडीत, हेरिंग माशाच्या आमिषाने बरबटलेल्या हातात, रोज, मे महिन्यापर्यंत. असेल तर दाखव, नाहीतर तसं सांग.

दुसरं कोणी असतं तर सगळ्यात महागडं काढून पुढे ठेवलं असतं. या पोरीने कोपर काचेवर टेकलं आणि उलट त्यालाच विचारलं, "काका, तुमच्या बोटीवर कधीच न बिघडणारं असं काय आहे?"

अल्फे विचारात पडला. प्रामाणिक माणूस. "नांगर," तो म्हणाला. मग आणखी जरा थांबून, "नांगरच."

"आणि इंजिन?"

"इंजिन तर दर वर्षी काही ना काही काढतं."

"मग ते कशाला ठेवलंय?"

"कारण मला ते उघडता येतं," अल्फे म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. हा चेहरा मी सत्तावीस वर्षांत चार-पाच वेळाच पाहिलाय. धुक्यात बोया दिसल्यावर होतो तसा.

त्यानंतर टेसाने कपाटाच्या तळातून एक ठेंगणं, जाड, रबराच्या कवचाचं व्हेप काढलं. दिसायला अगदी बापुडं. पडदा नाही, रंगीत दिवे नाहीत, अंगठ्याएवढं एक बटण. बॅटरी बाहेर निघणारी, म्हणजे एक संपली की दुसरी घालायची, चार्जरची वाट बघायची नाही. कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, जळली की तीही बोटांनी फिरवून बदलायची. टाकी अशी की लिक्विड किती उरलंय ते बाहेरून दिसतं. ती म्हणाली, हे तरुण मुलं घेत नाहीत, त्यांना लाज वाटते. हे घेतात ते ट्रकवाले आणि छप्पर घालणारे.

मग सुरू झाली परीक्षा. अल्फे बाहेर जाऊन गाडीतून त्याचे नारिंगी हातमोजे घेऊन आला. गेल्या मे महिन्यापासून धुतलेले नव्हते. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक होतं, ते नाक धरून निघून गेलं. हातमोजे घालून त्याने बटण दाबून पाहिलं, वीस वेळा. टेसाची परवानगी काढून ते कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकलं, तीन वेळा. मग मला म्हणाला, माझे डोळे झाक. भर दुकानात मी चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा दोन्ही तळव्यांनी त्या बासष्टीच्या घोड्याचे डोळे झाकून उभा, आणि तो चाचपडत बॅटरी काढतोय, घालतोय. पहिल्यांदा उलटी घातली. टेसा म्हणाली, आत बाण कोरलाय, नखाने शोधा. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा मी दहा आकडे मोजायच्या आत.

त्याने तीच दोन घेतली, सारखी. बोटीवर पंप दोन, होकायंत्र दोन, मग हेच एक कशाला? सोबत चार बॅटऱ्या. त्या त्याने सरळ खिशात टाकल्या, आणि तिथे टेसाचा आवाज पहिल्यांदा चढला. खिशात सुरी आहे, किल्ल्या आहेत, सुटी बॅटरी त्यांना चिकटली तर मांडी भाजून निघेल. तिने सगळ्या बाहेर काढायला लावल्या आणि प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत भरून दिल्या. वर सांगितलं की बॅटरीचं वेष्टन फाटलं तर ती फेकायची, वाचवायची नाही. आणि थंडीत व्हेप आणि बॅटऱ्या अंगालगत ठेवायच्या, गारठ्याने बॅटरी भरलेली असूनही झोपते. अल्फे शाळकरी पोरासारखा मान हलवत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, ही पोरगी कोणाच्याही बोटीवर चालेल.

ओडीलने ती दोन्ही टेबलावर ठेवून पाहिली आणि म्हणाली, कुरूप आहेत, म्हणजे चालतील.

नोव्हेंबरचा तो सोमवार आला. पहिल्या दिवशी जास्तीचे हात लागतात, म्हणून मलाही घेतात. काम माझं केबिनमध्ये बसून चहा ओतायचं आणि सगळ्यांच्या चुका काढायचं. धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, बायका हात हलवत होत्या, ओडील मात्र हात कोटाच्या खिशात घालून नुसती बघत होती. पावणेचारशे सापळे लादलेली बोट अशी दिसत होती की कोणीतरी घरच पाण्यात सोडलंय.

उजाडता उजाडता आम्ही जागेवर पोचलो. वारा उत्तरेचा, कठड्यावर बर्फाचा पापुद्रा. रेआलने पहिला सापळा ढकलला, मग दुसरा, वीस सापळ्यांची अख्खी माळ सळसळत गेली आणि शेवटचा बोया उडी मारून पाण्यावर डुलला. इंजिन मंदावलं. मी कप खाली ठेवला.

अल्फेने हात वर नेला. व्हेप त्याने अंगालगत ठेवलं नव्हतं. हाताशी असावं म्हणून केबिनच्या दाराबाहेर खिळ्याला दोरीने टांगलं होतं, बाप आपल्या बोटीवर तंबाखूची पिशवी टांगायचा तसं. सगळी वाट ते वाऱ्यात लटकत होतं. बटण दाबलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं. तेवढाही नाही.

दुसरं व्हेप होतं ते खाली पुढच्या कप्प्यात, जेवणाच्या डब्याशेजारी, आणि कप्प्याच्या झाकणावर दोरांची वेटोळी रचलेली. मी मनात म्हटलं, गेली बोट.

रेआल हातमोजा काढून शेजारी येऊन उभा राहिला. पाकिटातून एक सिगारेट अर्धी बाहेर काढून पुढे धरली. वाईट पोरगा नाही, पण जीभ वाईट. "घ्या मामा. बोटीला मी चांगला रंग देईन."

मागचे दोघे खलाशी हसले. अल्फे हसला नाही आणि रागावलाही नाही. एका हाताने सुकाणू धरलेलंच, नजर पुढच्या बोयांवर. दुसऱ्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि तसाच तोंडात धरला. हात अंगरख्याच्या आत, लोकरीच्या सदऱ्याच्या आत, अगदी कातडीपर्यंत गेला आणि प्लॅस्टिकचा डबा घेऊन बाहेर आला. डब्या मात्र त्या पोरीने सांगितल्या तशाच ठेवल्या होत्या, देवाची कृपा. अंगठ्याने व्हेपचं झाकण सरकवलं, झोपलेली बॅटरी बाहेर, ऊबदार आत. बाण त्याने पाहिला नाही, नखाने शोधला. मी नकळत मोजत होतो. आठवर पोचलो तेव्हा झाकण बसल्याचा आवाज झाला.

दिवा लागला आणि तसाच राहिला. त्याने शांतपणे ओढलं, आणि पांढरा ढग खिडकीवर आपटून पसरला.

मग तोंडातला मोजा त्याने हातात चढवला आणि भाच्याला म्हणाला, "रंग द्यायचाच आहे तर हंगाम संपला की दे. हिरवा. आणि आता दुसरी माळ सोड, उजाडलंय."

रेआलने सिगारेट परत पाकिटात सारली. त्या दिवशी ती त्याने स्वतःही ओढली नाही, हे मी पाहिलं.

हंगाम असा गेला. जानेवारीत एकदा कॉइल जळली आणि अल्फे म्हणाला की जुना दोर पेटवून चघळतोय असं वाटतंय. बोट बांधता बांधता बदलून टाकली. फेब्रुवारीत एक व्हेप आमिषाच्या पिंपात पडलं. बाहेर काढून बॅटरी काढली, सगळं पुसलं, चार दिवस चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवलं; तोवर दुसरं चालू. ते वाळलेलं पुन्हा चालायला लागलं, पण त्याच्या धुराला महिनाभर हेरिंगचा वास येत होता आणि धक्क्यावरची मांजरं त्याच्यामागे फिरायची. पहाटेचा खोकला संपला असं मी म्हणणार नाही, पण ओडीलला आता उठून स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागत नाही.

ती रोज संध्याकाळी त्याची टोपी हुंगायची. आधी टोपी, मग कॉलर, मग मिशा. मिशा हुंगताना तो डोळे मिटून उभा राहायचा, आणि मला वाटतं, त्यातलं निम्मं त्याला आवडायचं.

मेच्या शेवटच्या दिवशी सगळे सापळे घरी आले. रविवारी पुन्हा तीच माणसं, तेच टेबल, तेच भट्टीतलं तबक. रेआलच्या नखांत हिरवा रंग होता. ओडीलने सगळ्यांना वाढलं आणि पुन्हा न बसता उभी राहिली. सहा महिने मी याला हुंगलाय, ती म्हणाली, दोर, मासे आणि डिझेल, बाकी काही नाही. बोट याचीच. रेआलने पहिल्यांदा टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

पण ती बसली नाही. तबक बाजूला सारून तिने ते ठेंगणं व्हेप उचलून टेबलाच्या मधोमध, मिठाच्या भांड्याशेजारी ठेवलं आणि विचारलं, "सिगारेट सुटली. आता हे कधी सोडणार?"

आम्ही सगळ्यांनी अल्फेकडे पाहिलं. त्याने तोंडातला घास नीट चावला, पाण्याचा घोट घेतला, आणि म्हणाला:

"सोडीन, ओडील, पण दोन माळा एकदम ओढायला गेलं की दोर पायात येतो, हे तुझ्या बापानेच मला शिकवलंय. ही एक वर आली, आता थोडा दम खाऊ दे. सप्टेंबरात याच टेबलावर, याच माणसांसमोर विचार, तेव्हा तारीख सांगेन. आणि तोवर माझा चार्जर पिठाच्या डब्यात लपवू नकोस, सकाळी मला दिसलाय तो."